लोड रनर: सगळं सोनं घेतलं तरी शिडी येत नाही

प्रश्न: १९८३ चा लोड रनर हा व्हिडिओ गेम खेळतोय, स्क्रीनवरचं सगळं सोनं उचललं पण वर जायची शिडीच दिसत नाहीये, काय चुकतंय? आणि उडी कुठल्या बटणाने मारायची?

उत्तर १: उडी नाहीच यात. फक्त डावी-उजवीकडची वीट फोडता येते, पायाखालची नाही. शिडीचं म्हणशील तर तुझ्या मागे लागणाऱ्या एखाद्या गार्डकडे सोनं असणार, त्याला वीट फोडून झालेल्या खड्ड्यात पाड, पडला की सोनं सोडतो, मग त्याच्या डोक्यावरून बिनधास्त चालत जा.

उत्तर २: पण रेंगाळू नको रे, तो चढून बाहेर येतो. आणि सोनं तीन थर खाली असेल तर वर सलग तीन विटा फोड, मग दोन, मग एक. एकाच विटेच्या खड्ड्यात उतरलास तर पुढे खणताच येत नाही.

प्रश्नकर्ता: आली शिडी! गार्डकडेच होतं.