दीड वर्षाच्या मुलीसाठी सायकलवर पुढची सीट घ्यावी की मागची?

प्रश्न (जुळे सोलापूरचे बाबा):

आमची मुलगी दीड वर्षाची असून तिचे वजन साडेदहा किलो आहे. जूनपासून तिला सात रस्त्याजवळच्या एका पाळणाघरात ठेवण्याचे ठरले आहे आणि तिला रोज सकाळी सायकलवरून सोडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. घरात दोन सायकली आहेत. पत्नीच्या लेडीज सायकलला लोखंडी कॅरिअर आणि साडीगार्ड आहे. माझ्या गिअरच्या सायकलला कॅरिअर नाही आणि तिची दांडी बरीच उंच आहे. दुकानात मला तीन प्रकार दाखवले: दांडीवर आवळायची छोटी गादी, हँडलच्या मागे बसणारी प्लास्टिकची सीट आणि मागे बसवायची उंच पाठीची खुर्ची. शेवटची सर्वांत महाग आहे. आई म्हणते, की तुम्ही सगळी भावंडे दांडीवर बसूनच मोठी झालात, मग एवढा विचार कशाला? तरीही विजापूर रस्त्यावरून जायचे म्हटले की मला निर्णय घेता येत नाही. कोणती सीट घ्यावी आणि ती कोणत्या सायकलवर बसवावी, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

उत्तर (अशोक चौकातील सायकल दुरुस्तीवाले):

नमस्कार. अशा सीट मी दुकानात बसवून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सीट दिसायला कशी आहे यापेक्षा ती सायकलला कशाच्या आधाराने धरून राहणार आहे, हे आधी पाहावे. मागच्या खुर्चीचे दोन प्रकार येतात. एक सरळ कॅरिअरवर आवळली जाते. दुसरीचे ब्रॅकेट गादीखालच्या उभ्या नळीला पकडते आणि खुर्ची दोन पोलादी सळयांवर मागच्या चाकाच्या वर अधांतरी राहते. या सळया किंचित लवतात, त्यामुळे खड्ड्यातला किंवा गतिरोधकावरचा हिसका थेट मुलाच्या पाठीच्या कण्यात जात नाही. माझे मत या दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे.

मात्र त्या ब्रॅकेटला बहुतेक वेळा 28 ते 40 मिलिमीटर जाडीची गोल नळी लागते. मोजायला शिंप्याची टेप पुरते: नळीचा घेर 8.8 ते 12.5 सेंटिमीटरच्या दरम्यान भरला, तर ब्रॅकेट बसेल. नळी चपटी असेल किंवा फ्रेम कार्बनची असेल, तर हा विचार सोडून द्यावा. कॅरिअरवर बसणारी सीट घ्यायची असेल, तर कॅरिअरवर 25 किलो किंवा त्याहून अधिक क्षमतेचा आकडा उमटवलेला आहे का, हे पाहावे. आपल्याकडच्या साध्या लोखंडी कॅरिअरवर असा आकडा सहसा नसतो. लोखंड भक्कम असते हे खरे, पण त्याचे पाय ज्या नटांनी मागच्या आसाला धरलेले असतात, त्यांतला एक जरी ढिला झाला तरी संपूर्ण भार एका बाजूला कलतो. गिअरच्या सायकलींसाठी सीटपोस्टला, म्हणजे बसायची गादी ज्या दांड्यावर असते त्याला, एकाच क्लॅम्पने अडकवायचे अ‍ॅल्युमिनियमचे कॅरिअर मिळते. ते साधारण नऊ-दहा किलो सामानापुरते केलेले असते आणि त्यावर मूल कधीही बसवू नये.

आता सायकल कोणती, याविषयी. मागे उंच पाठीची खुर्ची आली की मागून पाय टाकून सायकलवर चढता येत नाही. पाय पुढूनच काढावा लागतो. तुमच्या उंच दांडीवरून पाय काढताना तुम्ही एका पायावर असणार आणि त्याच वेळी मागे साडेदहा किलोचे मूल हलत असणार. म्हणून पत्नीची लेडीज सायकल वापरणेच योग्य ठरेल. तिला साडीगार्डही आहे, ही आणखी चांगली गोष्ट आहे.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपल्या साध्या सायकलींच्या गादीखाली उघड्या स्प्रिंगा असतात. मागे बसलेले मूल हात पुढे करून गादी धरते, आणि चालवणाऱ्याचे वजन पडले की त्या स्प्रिंगांमध्ये बोटे चेमटतात. जुन्या ट्यूबचा रुंद तुकडा कापून स्प्रिंगांभोवती घट्ट बांधावा किंवा स्प्रिंग नसलेली गादी बसवून घ्यावी. खर्च किरकोळ आहे आणि बोटे वाचतात.

उत्तर (दोन मुलांची आई):

मी पुढच्या सीटची बाजू मांडते. माझा धाकटा हँडलच्या मागच्या सीटवर बसत असे आणि संभाजी तलावाकडे जाताना तो सारखा बोलत असायचा; त्याला ऊन लागते आहे का, तो पेंगतो आहे का, हे मला लगेच कळत असे. मागे बसलेल्या मुलाचे तसे कळत नाही. परंतु ही सोय फार दिवस टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. या सीटची मर्यादा 15 किलोची असते, आणि वजन तिथवर जाण्याआधीच मुलाचे डोके हनुवटीला लागू लागते व पेडल मारताना गुडघे बाहेर फेकावे लागतात. शिवाय मूल झोपले की डोके टेकायला काहीच आधार नसतो. त्यामुळे सकाळच्या वर्दळीतून रोज जायचे असेल, तर दुरुस्तीवाल्या दादांचे म्हणणे मला पटते. दांडीवरच्या गादीला ना पाठ असते ना पट्टा, तेव्हा तिचा विचारही करू नये.

उत्तर (अस्थिरोग विभागातील परिचारिका):

आजींच्या मुद्द्याला मी आदरपूर्वक उत्तर देऊ इच्छिते. कॅरिअरवर किंवा दांडीवर मोकळे बसलेल्या मुलाचा पाय चाकाच्या तारांत जाणे ही आमच्याकडे नेहमी दिसणारी दुखापत आहे. टाचेची कातडी तारा आणि फ्रेम यांच्यामध्ये चिरडली जाते. पहिल्या दिवशी जखम लहान वाटते. काही दिवसांनी तेथील कातडी काळी पडते आणि मग ती भरून यायला बराच काळ लागतो. म्हणून सीट निवडताना पाठीच्या उंचीइतकेच पायांकडे लक्ष द्यावे. दोन्ही बाजूंना पाय चाकापासून दूर ठेवणाऱ्या, पावलापर्यंत उतरणाऱ्या खोल कडा असाव्यात, पाऊल ठेवायची जागा मुलाच्या उंचीप्रमाणे वरखाली करता यावी आणि पावलावरून जाणारा पट्टा असावा. साडीगार्ड सहसा चाकाच्या एकाच बाजूला असते, हे विसरू नये.

मूल किमान एक वर्षाचे असावे, आधाराशिवाय नीट बसत असावे आणि हेल्मेटसह मान सावरू शकत असावे. तुमची मुलगी दीड वर्षाची आहे, त्यामुळे ही अट पूर्ण होते. हेल्मेट मागून सपाट असलेले निवडा. मागे फुगीर असलेले हेल्मेट खुर्चीच्या पाठीला टेकते आणि मुलाचे डोके सारखे पुढे ढकलले जाते. मोटारसायकलवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना नेण्यासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये नियम केले, त्यांत लहान मुलांसाठी ईएन 1078 किंवा ईएन 1080 या युरोपीय मानकाचे सायकल हेल्मेटही चालते असे म्हटले आहे. तो नियम सायकलींसाठी नाही, परंतु हेल्मेट घेताना हेच आकडे आतल्या लेबलवर शोधावेत.

आपल्या सोलापूरच्या उन्हाविषयीही लिहिणे भाग आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या सायकलवरील काळे प्लास्टिक आणि बकलचा धातूचा भाग चटका बसण्याइतका तापतो. मूल बसवण्यापूर्वी दोन्हींना तळहात लावून पाहावा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लेडीज सायकलच्या नळीचा घेर टेपने मोजला, तो 9 सेंटिमीटर भरला. म्हणजे ब्रॅकेट बसायला हरकत नसावी. दोन शंका उरतात: खाली असलेले लोखंडी कॅरिअर काढावे लागेल का, आणि सायकलचा एका पायाचा स्टँड चालेल का?

उत्तर (अशोक चौकातील सायकल दुरुस्तीवाले):

घेर 9 म्हणजे जाडी साधारण साडेअठ्ठावीस मिलिमीटर. बसेल, पण खालच्या मर्यादेला आहे, म्हणून बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेट हाताने जोर लावून फिरते का, हे तपासावे लागेल. कॅरिअर राहू द्या. फक्त सळया लवल्या तरी त्यावर आपटणार नाहीत एवढे अंतर ठेवून खुर्ची बसवू. खुर्चीच्या बाजूवर गुरुत्वमध्याची, म्हणजे वजनाच्या मध्याची, खूण असते. ती मागच्या आसाच्या 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त मागे जाता कामा नये, नाहीतर चढावर पुढचे चाक हलके पडते.

एका पायाचा स्टँड बदलून दोन पायांचा बसवा. तरीसुद्धा मूल बसलेले असताना सायकलवरचा हात काढायचा नाही. दप्तर, डबा आधी अडकवावा, मूल सगळ्यांत शेवटी बसवावे आणि पोहोचल्यावर सर्वांत आधी उतरवावे. ब्रेकचे रबर नवे घाला, मागच्या चाकात हवा पूर्ण ठेवा. पहिले काही दिवस खुर्चीत दहा किलो ज्वारीची पिशवी पट्ट्याने बांधून तुमच्या कॉलनीतच फेऱ्या मारा. वळताना आणि थांबताना मागचे वजन कसे ओढते, हे अंगवळणी पडले की मग मुख्य रस्त्यावर या. सीट बसवायला याल तेव्हा मुलीलाही सोबत आणा, कारण खांद्याचे पट्टे तिच्या खांद्यांच्या उंचीला लावायचे असतात आणि ते माप फोनवर सांगून जमत नाही.