पोलिश रात्सुही (सफरचंद घातलेले) घरी करायचेत: यीस्ट की केफिर? सफरचंद कोणतं?

ओडरकाठची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही व्रोत्स्वाफला राहतो. लेकीच्या बालवाडीत दुपारच्या जेवणाला अधूनमधून सफरचंदाचे रात्सुही असतात. आधी सूप आणि मग हेच, बाकी पोळी-भाजी काही नाही. इकडे गोड पदार्थ हेच जेवण असू शकतं, हे पचायला मला वेळ लागला. दालचिनी-सफरचंद घातलेला गोड भातही जेवण म्हणून वाढतात.

ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी: तळहाताहून लहान, बोटभर जाड, पसरट भांड्यात थोड्या तेलात तळलेले, आत सफरचंदाचे तुकडे, वरून पिठीसाखर. पातळ, गुंडाळी करून देतात ते नालेश्निकी वेगळे.

आता लेकीला घरीही तस्सेच हवेत. शोधायला गेले तर दोन पंथ निघाले. एक यीस्टवाला, दुसरा केफिर (आंबवलेलं, ताकासारखं दूध) आणि सोडावाला. शेजारच्या आजींच्या मते सोड्याचे ते खरे नव्हेतच. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, संध्याकाळी सहाला घरी येऊन पीठ फुगायची वाट कोण बघत बसणार?

तर मला सांगा, आठवड्यातल्या दिवशी कुठला पंथ धरू? सफरचंद कोणतं घेऊ? दुकानात पिठाच्या पिशव्यांवर 450, 500, 550, 650 असे आकडे आहेत, त्यातलं कुठलं? आणि तेलकट होऊ नयेत म्हणून काय करायचं? घरात तीन माणसं, इंडक्शनची शेगडी.

क्राकुवचा_बंड्या

ताई, यीस्ट-सोड्याचं भांडण नंतर. आधी सफरचंद. नव्वद टक्के लोक इथेच घसरतात. घरात पडलेलं गाला नाहीतर शांपियॉन उचलतात आणि मग पदार्थ नुसता गोडमिट्ट लागतो. पीठ गोड, वर साखर, आतही गोड, मग जिभेला काही कामच उरत नाही.

आंबट हवं. पहिला मान शारा रेनेताचा. करड्या, खरबरीत सालीचं, दिसायला अगदी गरीब, पण इथल्या बायका शार्लोत्का (सफरचंदाचा केक) करायला तेच शोधतात. शिजलं की लगेच मऊ होतं, आंबटपणा मात्र टिकतो. आंतोनुव्का मिळालं तर सोडू नका, पण ते शरद ऋतूत थोडेच दिवस दिसतं. बोस्कोपही चालेल. जुलैतलं पापियेरुव्का वासाला सुंदर, पण कढईत त्याचा पार लगदा होतो. आणि हिवाळाभर कुठेही मिळणारं, खिशाला परवडणारं आंबटगोड सफरचंद हवं तर आयडारेड.

सुपरमार्केटपेक्षा बाजारात जा आणि विकणाऱ्या बाईंना सरळ विचारा, रात्सुहीसाठी कुठलं देता? त्या स्वतः निवडून देतात, वर दोन सल्ले फुकट. वॉर्साच्या दक्षिणेला ग्रुयेत्सचा बागायती पट्टा आहे. तिथल्या सफरचंदांना 2011 मध्ये युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन मिळालं, तशी पाटी दिसली तर माल बहुधा बरा असतो. पण पाटी बघून जात विसरू नका. ग्रुयेत्सचं गालासुद्धा शेवटी गालाच.

किसायचं नाही. किसलं की पाणी सुटतं, पीठ सैल होतं, मग आपण आणखी पीठ घालतो आणि हाती येतो दगड. साल काढून एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. त्यांना आधी साखर चोळून ठेवू नका, त्यानेही पाणीच सुटतं. दालचिनी लावायची तर पिठात घालायच्या क्षणी लावा.

पीठपुराण

आकड्यांचं मी सांगतो. तो आकडा म्हणजे पिठातली राख. पीठ जाळल्यावर जी खनिजं मागे उरतात ती. 500 म्हणजे साधारण अर्धा टक्का. आकडा जितका लहान तितकं पीठ पांढरं, कोंडा कमी. आपला मैदा साधारण 450 ते 550 च्या घरात बसतो. रात्सुहीला 500 किंवा 550 घ्या. तुम्ही राहता त्याच गावाच्या नावाचं 'व्रोत्स्वाफ्स्का' पीठ 500 चंच असतं, तेव्हा फार डोकं लढवू नका. फक्त क्रुपचात्का नावाची पिशवी उचलू नका. तीही याच आकड्यांतली, पण रवाळ असते, शॉर्टक्रस्टला (टार्टच्या खुसखुशीत पिठाला) चांगली.

क्राकुवचा_बंड्या

पीठपुराण, झकास. आता पंथ.

मी सरळ यीस्टवाल्यांच्या बाजूचा. सोड्याचे गरम असताना छान लागतात, पण गार झाले की सोड्याचा वास डोकं वर काढतो. यीस्टच्याला पावासारखी चव येते आणि आतून जाळी पडते. सुट्टीच्या दिवशी तेच करा. तीन माणसांना 250 ग्रॅम पीठ पुरतं. थंड कप्प्यात ताज्या यीस्टची 100 ग्रॅमची वडी मिळते, तिचा आठवा भाग घ्या. 180 मिली दूध कोमट करा, बोट बुडवलं तर सुखद वाटेल इतकंच, चटका बसेल असं नको, यीस्ट मरतं. त्यातलं थोडं दूध, यीस्ट, चमचाभर साखर आणि दोन चमचे पीठ कालवून पंधरा मिनिटं ठेवा. फेस आला की उरलेलं पीठ आणि दूध, एक अंडं, आणखी चमचाभर साखर आणि मीठ घाला. लाकडी चमच्याने जोर लावून फेटा. पीठ मेदूवड्याच्या पिठाइतकं घट्ट हवं, चमच्यातून ओघळायला नको, लोंबकळून पडायला हवं. झाकून उबेत तासभर. दुप्पट झालं की मगच दोन सफरचंदांचे तुकडे हलक्या हाताने मिसळा आणि दहा मिनिटं पुन्हा ठेवा.

एकदा फुगल्यावर पीठ ढवळत बसायचं नाही. चमचा गरम तेलात बुडवायचा, पातेल्याच्या कडेने पीठ उचलायचं आणि सोडायचं. असं केलं की चमच्याला चिकटत नाही आणि आतली हवाही राहते.

सहाची_लोकल

यीस्टवाल्यांना साष्टांग नमस्कार, पण त्या बाई सहाला घरी येतात असं वर लिहिलंय हो! पोर भुकेलेलं असतं.

मी पोझनानला असते, आठवड्यात केफिरच. 400 मिलीचं एक केफिर, 300 ग्रॅम पीठ, दोन अंडी, दोन मोठे चमचे साखर, मीठ, एक सपाट छोटा चमचा सोडा, तीन सफरचंदं. केफिर सैल निघालं तर पीठ आणखी मूठभर. (तुम्ही तिघंच, तर निम्मं करा नाहीतर दुसऱ्या दिवशीही तेच खा.) केफिर फ्रिजबाहेर काढून ठेवा, अगदी गार घालू नका. सोडा आंबट केफिरला लागला की लगेच कामाला लागतो, म्हणून तो शेवटी पिठाबरोबर घाला, गुठळ्या राहिल्या तरी फार ढवळू नका आणि दहा मिनिटांत तळायला घ्या. अर्ध्या तासात सगळं ताटात. सोड्याचा वास येतो ही तक्रार सोडा जास्त पडला की होते. सपाट चमचा म्हणजे सपाट.

केफिर नसेल तर माश्लांका, म्हणजे इथलं ताक, तेही चालतं.

खमंग_काकू

पुण्यात काय करायचं, तेही सांगा की कोणीतरी. इथे ना केफिर ना शारा रेनेता. आणि आमच्याकडे चतुर्थीला-एकादशीला तर नाहीच, एरवीही अंडं नाही.

सहाची_लोकल

काकू, दही! चांगलं आंबट दही 300 ग्रॅम घ्या, 100 मिली पाणी घालून घुसळा, झालं केफिरचं काम. सफरचंदाला हिरवं ग्रॅनी स्मिथ मिळतं तुमच्याकडे. ते नसेल तर नेहमीच्या लाल सफरचंदाच्या तुकड्यांवर आयत्या वेळी लिंबू पिळा. अंड्याशिवाय करायचे तर मात्र बंड्याचं ऐका आणि यीस्टचे करा. सोड्याचे अंड्याशिवाय तेलात फुटतात, यीस्टचे बऱ्यापैकी धरून राहतात. अंड्याच्या जागी दूध तीन-चार चमचे वाढवा. कोरडं यीस्ट ताज्याच्या एक तृतीयांश लागतं, म्हणजे 250 ग्रॅम मैद्याला साधारण चार ग्रॅम.

रंकाळ्याचा_वारा

थोडं अवांतर. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, जवळपास पाच हजार माणसं. सोव्हिएत रशियातून सुटून आलेल्या बायका-मुलं जास्त. पोलिश म्हटलं की आमच्याकडे जुन्या लोकांना तेच आठवतं. सफरचंदाचं काय करत असतील बिचारे, पेरू घालत असतील!

पीठपुराण

रंकाळ्याचा_वारा, वळिवड्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. पेरूचा मुद्दा मात्र खवैय्यांनी मनावर घ्यायला हरकत नाही.

तेलाबद्दल कोणीच बोललं नाही. इथल्या आज्या पिठात चमचाभर स्पिरिट किंवा व्होडका घालतात, पाँच्कीतही (इथले डोनट) घालतात. अल्कोहोल लवकर उडतं, ते वाफ होऊन बाहेर पडताना तेलाला आत येऊ देत नाही असं म्हणतात. घरात दारू आणायची नसेल तर चमचाभर व्हिनेगर.

क्राकुवचा_बंड्या

घाला हवं तर, वाईट काही होणार नाही. पण तेल पितात ते तेल थंड असलं की. पॅनमध्ये अर्धा सेंटिमीटर रेपसीडचं तेल, 170-175 अंश. थर्मामीटर नसेल तर लाकडी चमच्याचं टोक बुडवा, भोवती शांतपणे बुडबुडे आले की तयार. नऊपर्यंतच्या इंडक्शनवर साधारण सहा. एका वेळी चारच टाका. पॅन गच्च भरलं की तेल गार पडतं आणि मग स्पिरिटची बाटली ओतली तरी उपयोग नाही. दुसरा घाणा टाकायच्या आधी मिनिटभर थांबा. उलट फार तापवलं तर बाहेरून काळे, आत कच्चे. बाजूला जाळीवर काढा, कागदावर रचलेले खालून ओले होतात. लोणी वापरू नका, जळतं. पूर्वी डुकराच्या चरबीत तळायचे, अजूनही काही घरांत तळतात.

ओडरकाठची_आई

सगळ्यांचे आभार! बाजारात शारा रेनेता मिळालं. बाईंनी 'साल जाड काढा' असंही बजावलं. शनिवारी यीस्टचे केले, पाव किलोच्या मापाने. तुकडे शेवटी घातले, चार-चारचा घाणा. बाहेरून तांबूस, आत जाळी, सफरचंद आंबट आणि मऊ. लेकीचं मत: 'बालवाडीत यापेक्षा साखर जास्त असते.' घ्या!

शेजारच्या आजींना नेऊन दिले. त्यांनी चव घेऊन वर आंबट साय, ती 18 टक्केवाली श्मिएताना, घालून खाल्ले. त्यांच्या माहेरी ते नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणातही असायचे. व्होडका पिठात घालता का विचारलं तर म्हणाल्या, पिठात कशाला?

उरलेले चार-पाच सकाळी मायक्रोवेव्हमध्ये घातले तर चिवट झाले. शिळे गरम कसे करायचे? आणि रात्रीच पीठ भिजवून फ्रिजमध्ये ठेवता येईल का?

सहाची_लोकल

मायक्रोवेव्ह नाहीच. ओव्हन 160 ला, पाच-सहा मिनिटं, नाहीतर कोरड्या तव्यावर मंद आचेवर झाकण न ठेवता. साखर नंतर भुरभुरवायची, आधी घातलेली वितळून चिकट होते.

रात्रीचं पीठ: यीस्टचं ठेवता येतं. यीस्ट निम्मं घ्या, फेटून लगेच फ्रिजमध्ये टाका, मोठ्या डब्यात, कारण थंडीतही फुगतं. सकाळी अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवा, मग तुकडे मिसळा. तुकडे रात्रीच घालायचे नाहीत. केफिर-सोड्याचं मात्र अजिबात ठेवू नका, सकाळपर्यंत सोड्याचा जोर संपलेला असतो.