डायब्लो 2 रिसरेक्टेड: बेर मिळालाय, आता एनिग्मा करू की इन्फिनिटी?

वारजे_नाका

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. गेम ऑफलाइन, पीसीवर. ब्लिझार्ड सॉर्सरेस, लेव्हल 84, हेल (सगळ्यात कठीण पातळी) पूर्ण. काल रात्री लोअर कुरास्टला (ॲक्ट 3 मधली जागा) पेटी उघडली आणि बेर हा रून (हत्यार-चिलखतात बसवायचा मंतरलेला दगड) पडला! स्टॅशमध्ये (साठवणीच्या पेटीत) आधीपासून सुर आणि लो हे रून एकेक आहेत. माल, इस्टही आहेत. जाह एकही नाही.

अंगावर शाको, वायपरमजाय, मॅजफिस्ट, स्पिरिट तलवार 31 एफसीआरची (मंत्र टाकण्याचा वेग), स्पिरिट ढाल 33 ची आणि 10 एफसीआरची एक रेअर अंगठी. मर्सिनरी (भाड्याचा साथीदार) ॲक्ट 2 चा, हातात इनसाइट.

मनात एनिग्मा हे चिलखताचं रूनवर्ड (ठराविक रून क्रमाने बसवून होणारी वस्तू) आहे, कारण पुढे हॅमरडिन (हातोडे फिरवणारा पॅलाडिन) सुरू करायचाय. पण सगळीकडे इन्फिनिटी या हत्याराच्या रूनवर्डचंही कौतुक वाचतो. हिंजवडीहून घरी येईपर्यंत नऊ वाजतात, त्यामुळे रोज तासभरच खेळता येतं. तेवढ्या वेळात कुठे रन मारू (एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन वस्तू गोळा करू), तेही सांगा.

पेठेतला_पॅलाडिन

अभिनंदन मित्रा! बेर डोळ्यांनी बघणं हेच मोठं सुख.

माझं मत एनिग्मा. कारण साधं आहे: सॉर्सरेसकडे टेलिपोर्ट (क्षणात दुसरीकडे पोचणं) स्वतःचा आहे, बाकी कुणाकडेच नाही, आणि एनिग्मा तो कुणालाही देते. एनिग्मा एकदा झाली की शेअर्ड स्टॅशमधून हॅमरडिनला द्या, नेक्रोला द्या, बार्बला द्या. एका चिलखतात +2 स्किल्स, 45 टक्के जास्त पळण्याचा वेग, दर लेव्हलला 0.75 स्ट्रेंग्थ आणि दर लेव्हलला 1 टक्का मॅजिक फाइंड (चांगल्या वस्तू पडण्याची शक्यता). लेव्हल 80 च्या हॅमरडिनला नुसती स्ट्रेंग्थच 60 मिळते, म्हणजे तेवढे पॉइंट व्हायटॅलिटीत टाकता येतात. कॅओस सँक्चुअरीत सील ते सील टेलिपोर्ट करत हातोडे फिरवणं ज्यानं अनुभवलंय, तो परत पायी चालत नाही.

बेस (रून बसवायचं मूळ चिलखत) म्हणून मेज प्लेट शोध. स्ट्रेंग्थ 55 लागते आणि त्यात जास्तीत जास्त तीनच सॉकेट (रूनच्या खाचा) पडतात, त्यामुळे लार्झुककडे (सॉकेट पाडून देणारा लोहार) दिली की काम झालं. आर्चन प्लेटला 103 लागते.

निळी_ठिणगी

पॅलाडिनदादांनी एनिग्माचे गुण सांगितले ते सगळे खरे आहेत. पण वारजे, तुझ्या स्टॅशचा हिशोब आधी मांडू या, कारण निर्णय तिथेच होतो.

सगळं लोमध्ये मोज. होराड्रिक क्यूबमध्ये (वस्तू एकत्र करून नवी बनवणारी पेटी) दोन लो आणि एक फ्लॉलेस टोपाझ घातला की सुर होतो. दोन सुर आणि फ्लॉलेस ॲमेथिस्ट घातले की बेर. दोन बेर आणि फ्लॉलेस सफायर, की जाह. म्हणजे सुर दोन लोचा, बेर चार लोचा आणि जाह आठ लोचा. तुझ्याकडे बेर, सुर, लो मिळून आज सात लो आहेत. इन्फिनिटीला दोन बेर लागतात, म्हणजे आठ. एनिग्माला जाह आणि बेर, म्हणजे बारा. इन्फिनिटी तुझ्यापासून एका लोवर आहे, एनिग्मा पाच लोवर. जाह सरळ पडला तर उत्तमच, पण लोअर कुरास्टच्या पेट्यांची मजल बेरपर्यंतच. तू जिथे रन मारतोयस तिथे जाह मिळणारच नाही.

आता अंगावरच्या गियरचं बघ. तुझा एफसीआर 31, 33, वायपरमजायचे 30, मॅजफिस्टचे 20 आणि अंगठीचे 10 मिळून 124 होतो. सॉर्सरेसचे ब्रेकपॉइंट (ज्या आकड्यांवरच वेग एक टप्पा वाढतो) 9, 20, 37, 63, 105 आणि 200. तू 105 च्या वर आहेस, म्हणजे टेलिपोर्ट 8 फ्रेममध्ये. एनिग्मा घालायला वायपरमजाय काढलीस की उरतात 94, आणि 94 म्हणजे गेमच्या लेखी 63 च. चिलखत बदलून टेलिपोर्ट हळू होणार, शिवाय रेझिस्टन्सही (मंत्रांच्या माऱ्यापासूनचा बचाव) गेले. हेलमध्ये उणे 100 सोसून 75 गाठायचं असतं, तिथे वायपरमजायचे ऑल रेझिस्ट फार उपयोगाला येतात. सॉर्सरेसला एनिग्मा घालायचं काही कारण नाही. इन्फिनिटी मात्र मर्सिनरीच्या हातात जाते, तुझ्या अंगावरची एकही वस्तू हलत नाही.

आणखी एक. मॅजफिस्ट काढून चान्स गार्ड्स (मॅजिक फाइंड देणारे हातमोजे) घालायचा मोह होईल. करू नकोस, एफसीआर 104 वर येतो आणि एका अंकासाठी अख्खी फ्रेम जाते. अंगठी मात्र काढता येते, 114 उरतात. तिथे नागेलरिंग घाल, मॅजिक फाइंड वाढेल.

इन्फिनिटीचा खरा फायदा लाइटनिंगला आहे हेही लक्षात घे. त्यातला कन्व्हिक्शन ऑरा (आसपास पसरणारा प्रभाव) लेव्हल 12 चा, शत्रूचा फायर, कोल्ड, लाइटनिंग रेझिस्ट 85 ने खाली आणतो. जो इम्यून आहे (त्या माऱ्याचा ज्याला काहीच त्रास होत नाही) त्याच्यावर मात्र फक्त पाचवा हिस्सा चालतो, म्हणजे 17. ज्याचा रेझिस्ट 116 पर्यंत आहे त्याची इम्युनिटी तुटते, त्यावरच्याची नाही. ब्लिझार्डला कोल्ड मास्टरी (शत्रूचा कोल्ड रेझिस्ट कमी करणारं स्किल) आहेच, त्यामुळे जे इम्यून नाहीत ते तसेही मरतात. लाइटनिंग मास्टरी फक्त डॅमेज वाढवते, रेझिस्ट कमी करत नाही. म्हणून लाइटनिंगवाल्यांना इन्फिनिटी आली की गेमच वेगळा वाटायला लागतो. अकाराकडचा रिस्पेक (स्किल्सचे पॉइंट नव्याने वाटायची संधी) शिल्लक असेल तर इन्फिनिटी झाल्यावर लाइटनिंगकडे वळ, असं मी मनापासून सांगेन.

मुठाकाठ

ठिणगीताईंचा हिशोब एकदम पक्का. एकच जोडतो: लाइटनिंग आणि चेन लाइटनिंगचे ब्रेकपॉइंट वेगळे आहेत. तिथे 78 नंतर 117 आणि मग थेट 194. म्हणजे 10 वाली अंगठी काढून 114 वर आलास तर 117 हुकतो. ब्लिझार्ड खेळतोयस तोवर नागेलरिंग, लाइटनिंगला गेलास की ती रेअर अंगठी परत बोटात. विकू नकोस.

भोसरीचा_बार्ब

अरे एका लोचाच प्रश्न असेल तर माझ्याकडे दोन पडलेत. रविवारी डेक्कनला भेटू, लॅपटॉप घेऊन ये, देऊन टाकतो!

मुठाकाठ

बार्बभाऊ, मन मोठं आहे, पण ते होणार नाही. त्याचं कॅरेक्टर ऑफलाइन आहे, ते बॅटल.नेटवर नेता येत नाही. जुन्या डायब्लो 2 मध्ये टीसीपी-आयपीने घरच्या नेटवर्कवर जोडून देवाणघेवाण व्हायची, रिसरेक्टेडमध्ये तो पर्यायच काढून टाकलाय. ऑफलाइनवाल्याला प्रत्येक रून स्वतःच मिळवावा लागतो.

आणि म्हणूनच वारजे, सेव्हची कॉपी ठेव. विंडोजच्या सेव्ह्ड गेम्स फोल्डरमध्ये गेमच्या नावाचं फोल्डर आहे, ते अधूनमधून पेनड्राइव्हवर टाकायचं. वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज कशी जाते ते तुला माहीत आहेच. शिवाय गणपतीला गावी लॅपटॉप नेणार असशील तर निघण्याआधी एकदा इंटरनेट लावून गेम उघड. ऑफलाइन असला तरी 30 दिवसांतून एकदा तो ऑनलाइन तपासणी मागतो.

वारजे_नाका

ताई, हे लोमध्ये मोजणं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार. बार्बभाऊ, तुमच्या शब्दातच सगळं आलं, डेक्कनला चहाला नक्की भेटू.

मग इन्फिनिटी ठरली. तासाभरात तो एक लो कुठून मिळवू? कोणी काउंटेस (ॲक्ट 1 मधली बॉस) सांगतं, कोणी गायींची लेव्हल. मॅजिक फाइंड वाढवलं तर फरक पडेल का?

पेठेतला_पॅलाडिन

हिशोब बघून मीही म्हणतो, आधी इन्फिनिटी. आणि हॅमरडिन एनिग्माशिवाय अडत नाही, तो आजही सुरू कर. फ्लेलमध्ये को, वेक्स, पुल, थुल या क्रमाने हार्ट ऑफ द ओक कर. एफसीआर 40 त्यातून, स्पिरिट ढाल, मॅजफिस्ट, झाला 75 चा ब्रेकपॉइंट. टेलिपोर्टची फारच गरज भासली तर टेलिपोर्ट चार्जेस असलेली काठी दुसऱ्या हत्यारात ठेव. दुरुस्तीला सोनं जातं, पण हेलमध्ये सोन्याला काय तोटा!

निळी_ठिणगी

मॅजिक फाइंडचा रूनवर काहीच परिणाम होत नाही. ते युनिक, सेट, रेअर आणि मॅजिक वस्तूंसाठी. युनिकसाठीही ते पूर्ण लागू पडत नाही: 300 टक्के घातलंस तर प्रत्यक्षात 136 च्या आसपास मिळतं. म्हणून मॅजिक फाइंडपायी मारण्याचा वेग घालवू नये.

काउंटेसला जा, पण लो मिळेल या आशेने नको. तिच्या खास रून ड्रॉपची मर्यादा हेलमध्ये इस्टपर्यंत आहे. की ऑफ टेरर आणि स्पिरिट, इनसाइटचे छोटे रून यासाठी ती चांगली. गायींमध्ये कुठलाही रून पडू शकतो, पण एवढा कळप झपाट्याने मारायला ब्लिझार्ड बरा नाही.

तुझ्यासाठी लोअर कुरास्टच. नऊला घरी आल्यावर जेवणखाण उरकून बसलास तर डोक्याला ताप नसलेली हीच रन आहे. ऑफलाइनमध्ये तू डिफिकल्टी बदलत नाहीस तोवर नकाशा तोच राहतो, ही मोठी सोय. वेपॉइंटजवळ (झटपट प्रवासाचा चौथरा) शेकोटीभोवती झोपड्या असलेली जागा असते, तिथल्या पेट्या हव्यात. तुझ्या नकाशात ती जागा वेपॉइंटपासून दोन-चार टेलिपोर्टवर असेल तर नकाशा जप. लांब असेल तर नाइटमेअरला जाऊन परत ये, नवा नकाशा मिळेल. आणि चॅटमध्ये प्लेअर्स 7 ची कमांड (जणू सात जण खेळतायत अशी कठीणता) टाकायला विसरू नकोस. 1 वर खेळलास तर बऱ्याच पेट्यांतून काहीच निघत नाही. जाणकार 8 ऐवजी 7 ठेवतात, कारण या पेट्यांचे मोठ्या रूनचे ड्रॉप 7 वर चांगले बसतात. पेट्यांची संख्या बदलत नाही आणि राक्षस मारायचेच नाहीत, त्यामुळे त्यांची ताकद वाढली तरी बिघडत नाही.

आठवड्यात एखादा दिवस बदल म्हणून एन्शंट टनेल्सला जा. लेव्हल 85 ची जागा, म्हणजे गेममधली कुठलीही वस्तू पडू शकते, आणि साधे राक्षस कोल्ड इम्यून नसतात. पुढे लाइटनिंगसाठी ग्रिफन्स आय हा मुकुट लागेल, ती अशाच जागी मिळते. मेफिस्टोकडून ती कधीच पडणार नाही.

कोल्ड इम्यूनचा त्रास आत्ताच होत असेल तर टेरर झोनमध्ये सुंडर चार्म पडतात, तुझ्यासाठी कोल्ड रप्चर. इम्यून राक्षसाचा रेझिस्ट तो 95 वर आणतो. मात्र तुझा स्वतःचा कोल्ड रेझिस्टही त्यात बराच खाली जातो, तो दुसरीकडून भरून काढायची तयारी ठेव.

वारजे_नाका

कळलं. उद्यापासून कुरास्टच. शेवटचा प्रश्न: स्टॅशमध्ये इथेरियल (जास्त जोरदार, पण दुरुस्त न होणारं) कोलोसस वूल्ज हे लांब दांड्याचं हत्यार पडलंय, साधा, सॉकेट नसलेला. इन्फिनिटीला चालेल? की थ्रेशरची वाट बघू?

मुठाकाठ

चालेल, आणि तुझ्या परिस्थितीत तोच घे. कोलोसस वूल्जला जास्तीत जास्त चारच सॉकेट पडतात, त्यामुळे हेलमध्ये मिळालेला असेल तर लार्झुक डोळे झाकून चार देतो. थ्रेशरला पाचपर्यंत पडतात. लार्झुककडे दिलास तर पाच होऊन रूनवर्डच्या कामातून गेला, मग क्यूबमध्ये राल, आम्न आणि परफेक्ट ॲमेथिस्ट घालून नशीब बघायचं. थ्रेशरचा वार वेगवान, पण तुला मर्सिनरीकडून ऑरा हवाय. इथेरियल वस्तू मर्सिनरीच्या हातात झिजत नाही, ती काळजी नको.

फक्त स्ट्रेंग्थ बघ. वूल्जला 210 लागते, इथेरियल असल्याने 10 कमी, म्हणजे 200. तुझा मर्सिनरी थोडा कमी पडत असेल तर डोक्यावर गिलॉम्स फेस घाल, 15 वाढतात. नाही तर त्याची लेव्हल वाढेपर्यंत थांब.

इनसाइट गेली की मेडिटेशनही (माना भरून आणणारा ऑरा) जाईल आणि सॉर्सरेसला माना कमी पडायला लागेल. पट्ट्यात एक रांग मानाच्या बाटल्यांची ठेव आणि इनसाइट जपून ठेव. रून घालताना क्रम बेर, माल, बेर, इस्ट. वूल्ज पांढरा किंवा राखाडी नावाचाच हवा, निळा असेल तर रूनवर्ड होत नाही. पहिला बेर बसवण्याआधी नावाचा रंग आणि सॉकेट पुन्हा एकदा बघून घे, कारण हेल रून आणि टाउन पोर्टलचा स्क्रोल घालून सॉकेट रिकामे करता येतात खरे, पण आतले रून त्यात नष्ट होतात.