डीएससी टोकन: ओपन स्टँडर्ड आहे म्हणे, मग प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा का?

ऑडिटवाला: आमच्या ऑफिसात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चाळीसेक डीएससी (डिजिटल सहीची, पेनड्राइव्हसारखी) टोकन पडलीयेत, प्रत्येकावर पांढरी पट्टी, पट्टीवर क्लायंटचं नाव आणि पिन (हो माहितीये, लिहायचा नसतो, बोलू नका). तीन कंपन्यांची टोकन, तीन ड्रायव्हर. वीस तारखेला जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरत होतो, सकाळी चाललेलं टोकन दुपारी दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाकल्यावर दिसेनासंच झालं, मग अनइन्स्टॉल, रिस्टार्ट, आणि क्लायंट समोर चहा पीत बसलेला. भाचा सॉफ्टवेअरात आहे, तो म्हणतो मामा यासाठी ओपन स्टँडर्ड (सगळ्या कंपन्यांना खुले, ठरलेले नियम) आहेत की, ॲपने रीडरशी कसं बोलायचं ते ठरवणारा पीसी/एससीवाला गट १९९६ चा, टोकनकडून सही कशी करून घ्यायची ते सांगणारं पीकेसीएस ११ त्याच्याही आधीचं. म्हटलं तीस वर्षं होत आली, माझ्या टेबलावर कधी येणार? माझ्या मते ही स्टँडर्ड फक्त कागदावर आहेत.

पेंग्विनपंथी: कागदावर कशी? टोकन म्हणजे रीडर आणि कार्डाची चिप एकाच प्लास्टिकमध्ये. त्यातला रीडर यूएसबीला लावल्या लावल्या ओळखला जातो तो सीसीआयडी या यूएसबी रीडरांच्या स्टँडर्डमुळे, आणि पीसी/एससीमुळे कुठलंही ॲप कुठल्याही रीडरमधल्या कार्डाशी बोलू शकतं, रीडर कोणाचा याचं त्याला सोयरसुतक नाही. नाहीतर रीडर बदलला की ॲप बदला. वर पीकेसीएस ११ आहे, लॉगिन कर, सही कर, ठरलेली फंक्शन्स. मी लिनक्सवर फायरफॉक्सला टोकनच्या कंपनीची एक फाइल दाखवतो, काम झालं.

रेघोट्या: "कंपनीची एक फाइल" म्हणालात ना, दुखणं तिथंच आहे! काउंटर सगळीकडे सारखा पण मागच्या गोदामाला प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप. ती फाइल चिपला नेमक्या काय कमांड पाठवते हे कंपनी सांगत नाही, उद्या त्यांनी मॅकची नवी फाइल काढली नाही तर टोकनचं काय करायचं, किचेन? स्टँडर्ड कार्डापाशीच हवं. अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांचं पीआयव्ही कार्ड बघा, कार्ड कुठल्याही कंपनीचं असो कमांड त्याच, म्हणून विंडोज ७ पासून त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्येच येतो. आणि तिकडे कशाला जा, आपल्याकडे लायसन्सच्या कार्डासाठी आयआयटी कानपूर आणि सरकारच्या एनआयसीने स्कोस्टा हे स्टँडर्ड केलंच की, स्मार्टकार्डांच्या आयएसओ ७८१६ वर बेतलेलं. लायसन्सला जमलं ते सहीला का नाही?

पेंग्विनपंथी: कारण तिथे घेणारं सरकार होतं, त्याने अट घातली. डीएससीचं टोकन आपण बाजारातून घेतो, त्याला अट फिप्स १४० या अमेरिकी सुरक्षा-चाचणीच्या लेव्हल २ ची, म्हणजे किल्ली सुरक्षित आहे का एवढंच बघतात, कमांड कुठल्या ते कोणी विचारत नाही. कार्डावर काय कुठे ठेवायचं याचं पीकेसीएस १५ सुद्धा आहे, कोणी सक्ती केली नाही तर स्टँडर्डने काय करायचं? शिवाय सगळं कार्डापाशी बांधून टाकलं की उद्या आरएसए ही सहीची गणिती पद्धत जाऊन दुसरं काही आलं तर सगळीच कार्डं अडतील. ॲप आणि चिपच्या मधे ती फाइल आहे म्हणून चिपच्या आत बदल खपतात.

रेघोट्या: पीआयव्हीत आरएसएसोबत ईसीसी ही दुसरी पद्धत आलीच की, कार्डं कुठे अडली. हे कंपन्यांचं नेहमीचं पालुपद झालं.

पोर्टलवाली: तुम्ही दोघं भांडा, पण ब्राउझर विसरताय. आधी जावा ॲपलेटवर (वेबपेजच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) भागायचं. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये ते चालवणारे प्लगिनच बंद केले, तेव्हापासून वेबपेजवरून टोकनपर्यंत जायचा सरळ रस्ताच नाही. म्हणून जो तो आपला सायनर, म्हणजे सही करून देणारा प्रोग्राम, वाटतो, वेबपेजशी बोलायला मशीनवर लोकलहोस्टचा पोर्ट उघडून बसणारा. आमच्या सायनरच्या कॉन्फिगमध्ये तीन टोकनांच्या डीएलएलची (त्या कंपनीवाल्या फाइलची) नावं मीच हाताने टाकलीयेत, चौथं टोकन बाजारात आलं की पहिला फोन मला. शेवटी विंडोजवर ते सोडलंच, आता विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरलाच (विंडोज सह्यांची प्रमाणपत्रं ठेवतं ती जागा) विचारते. ओपन स्टँडर्डचं म्हणाल तर मला तरी चालणारं हवं.

ऑडिटवाला: ते सगळं खरं, पण माझं दुपारचं टोकन गेलं कुठे?

पोर्टलवाली: दादा, टोकन लावलं की चिप स्वतःची ओळख सांगणारे थोडे बाइट पाठवते, त्याला एटीआर म्हणतात. कुठला ड्रायव्हर द्यायचा ते विंडोज त्यावरून ठरवतं. दोन टोकनांचा एटीआर एकच असेल तर नंतर टाकलेला ड्रायव्हर आधीच्याच्या जागी बसतो. दोन्ही लावून एटीआर बघा बरं.

ऑडिटवाला: भाच्याला बसवून बघितलं. पहिल्या आणि दुसऱ्या कंपनीचा शेवटच्या बाइटपर्यंत सारखा. म्हणजे आत चिप एकच??

रेघोट्या: 😂 आणि पट्टी दोन.

ऑडिटवाला: हसू नका राव, दुसऱ्याला तीनशे रुपये जास्त मोजलेत.