अलास्का: दोन क्रूझच्या मधला आठवडा, गाडी न चालवता जमेल का?

एडिसनची_सून
नमस्कार मंडळी, पुढच्या ऑगस्टमध्ये अलास्काला जायचं चाललंय. आम्ही चौघं, मी, नवरा आणि सासू-सासरे (ते पुण्याहून येतील, जुलैपासून अमेरिकेत आमच्याकडेच असतील). व्हँकुव्हरहून वर जाणारी सात रात्रींची क्रूझ घ्यायची, अलास्कातल्या स्यूअर्ड बंदरात उतरायचं आणि मग तिथूनच परत व्हँकुव्हरला येणारी दुसरी क्रूझ घ्यायची असं डोक्यात आहे, कारण सासूबाईंना विमान अजिबात आवडत नाही आणि जहाज त्यांना भारी आवडलं होतं (बहामाजला गेलो होतो तेव्हा). अडचण मधल्या आठवड्याची आहे. मला लायसन्स नाही, नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे डॉक्टरांनी लांबचं ड्रायव्हिंग बंद केलंय. सगळे ब्लॉग वाचले तर जो तो म्हणतो गाडी भाड्याने घ्या. ट्रेन आणि बसवर डेनाली नॅशनल पार्क आणि एखादा ग्लेशिअर नीट होईल का? फेअरबँक्सपर्यंत जावं का? सासरे ७४ चे आहेत, गुडघा दुखतो, थोडंफार चालतात पण जिने नको असतात. जेवण शाकाहारी. सगळं एकत्र विचारतेय, रागावू नका.

खिडकीची_सीट
जमेल, आणि माझं ऐकाल तर गाडीपेक्षा बरं जमेल. डेनालीत गाडी असली तरी ती पार्कच्या रस्त्यावर पहिले १५ मैलच नेता येते, त्यापुढे सगळ्यांना पार्कच्या बसमध्येच बसावं लागतं. म्हणजे इतके तास गाडी हाकून पोचायचं आणि तिथे ती पार्किंगमध्ये ठेवायची. त्यामुळे गाडी नाही म्हणून काही हुकतंय असं मनात आणूच नका.

आता प्लॅन करताना एक गोष्ट आधी पक्की करा, ती म्हणजे ट्रेनचं टाइमटेबल. हॉटेलं, बस, बोट सगळं त्याच्यानंतर. अलास्का रेलरोडची कोस्टल क्लासिक नावाची गाडी उन्हाळ्यात रोज सकाळी पावणेसातला अँकरेजहून निघते, अकराच्या सुमारास स्यूअर्डला पोचते, आणि संध्याकाळी सहाला स्यूअर्डहून परत निघून रात्री सव्वादहाच्या आसपास अँकरेजला येते (तुमच्या वर्षाचं वेळापत्रक बघून घ्या, पण साचा वर्षानुवर्षं हाच आहे). म्हणजे दुसऱ्या जहाजावर चढायच्या दिवशी ही गाडी अगदी सोयीची, सकाळी ट्रेन, दुपारी जहाज. पण पहिल्या जहाजातून तुम्ही सकाळी आठ-नऊला उतरणार आणि ट्रेन संध्याकाळी सहाला, इथे लोकांची पंचाईत होते. बरेच जण मग सकाळचीच बस पकडून अँकरेजला पळतात आणि स्यूअर्ड बघायचंच राहून जातं. माझं म्हणणं असं की तुम्ही पळूच नका, पहिली रात्र स्यूअर्डलाच काढा.

दुसरं, तुमचे दिवस जहाजंच ठरवणार. स्यूअर्डला येणारी जहाजं साधारण आठवड्याच्या ठरलेल्या वारी येतात, प्रवासी उतरवतात आणि त्याच दिवशी नवीन प्रवासी घेऊन दक्षिणेला निघतात. एकाच कंपनीच्या दोन क्रूझ घेतल्या तर मधे बरोबर सात रात्री मिळतात, तेवढ्या पुरेशा आहेत. आणि तिकिटावर बंदर कोणतं लिहिलंय ते दोन्ही क्रूझचं वेगवेगळं बघा, काही कंपन्या स्यूअर्डला येतात काही व्हिटियरला, दोन्ही अँकरेजजवळचीच म्हणून चालतात पण एकमेकांपासून लांब आहेत.

तर सात रात्री अशा. पहिली स्यूअर्ड. उतरलात की सामान हॉटेलवर टाका, सी-लाइफ सेंटर (समुद्री प्राण्यांचं मत्स्यालय) बघा, ते गावातच आहे आणि सासऱ्यांना झेपेल. दुसऱ्या दिवशी केनाई फ्योर्ड्सची सहा तासांची बोट. परत यायची वेळ सहाच्या ट्रेनशी जुळते का ते बुक करतानाच बघा, बोटवाले ट्रेनचे पॅसेंजर धरूनच वेळा लावतात. त्या रात्री ट्रेनने अँकरेज. पोचायला उशीर होतो म्हणून तिसरी रात्रही अँकरेजलाच, त्या दिवशी आराम, म्युझियम किंवा नेटिव्ह हेरिटेज सेंटर. मग डेनालीची ट्रेन, सकाळी सव्वाआठच्या आसपास निघते आणि दुपारी चारच्या आत पोचते. डेनालीत दोन रात्री, म्हणजे मधला एक अख्खा दिवस पार्कच्या बससाठी. नंतर दुपारची ट्रेन पकडून रात्री आठला अँकरेज, एक दिवस हाताशी मोकळा, आणि सातव्या रात्रीनंतर सकाळी पावणेसातची स्यूअर्ड ट्रेन.

फेअरबँक्स सोडा. डेनालीहून पुढे अजून चार तास ट्रेन आणि परत येताना अँकरेजपर्यंत बारा तास. आजी-आजोबांना एवढं बसवायचं तर तिकडून विमानाने यावं लागेल, आणि सासूबाईंना विमान नको म्हणता.

दख्खनची_राणी
वरच्या प्लॅनला माझं अनुमोदन, फक्त मोकळा दिवस अँकरेजला घालवू नका. डेनालीहून परत येताना ट्रेन टल्कीटनाला थांबते, संध्याकाळी पाचच्या आत. तिथे उतरा, एक रात्र राहा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची ट्रेन पकडून आठपर्यंत अँकरेज. छोटंसं गाव आहे, एकच मुख्य रस्ता, त्याच्या टोकाला नदी, आणि हवा स्वच्छ असली की नदीच्या पलीकडे अख्खी अलास्का रेंज उभी दिसते. डेनाली शिखर ६१९० मीटर आहे आणि आजूबाजूचा प्रदेश सखल, त्यामुळे तो डोंगर जमिनीतून थेट उठल्यासारखा वाटतो, मी नदीच्या दगडांवर बसून किती वेळ नुसती बघत होते. गिर्यारोहकांना ग्लेशिअरवर सोडणारी स्की लावलेली छोटी विमानं इथूनच उडतात आणि आपल्यालाही ग्लेशिअरवर उतरवतात. सासूबाई नाही म्हणतील, पण तुम्ही आणि मिस्टर आलटून पालटून जाऊन या ना.

एक मात्र मनाची तयारी ठेवा. तिथले लोक सांगतात की येणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एकालाच शिखर दिसतं, बाकीच्यांना ढग. म्हणून जितक्या वेगवेगळ्या दिवशी आणि जागी बघायची संधी मिळेल तितकं चांगलं, ट्रेनमधून जाताना, पार्कात, येताना, टल्कीटनाला. टल्कीटनाच्या रात्रीचा हाही फायदा.

एडिसनची_सून
बाप रे, किती छान समजावलंत दोघींनी (दोघींनी ना?). टल्कीटना फार आवडलं वाचूनच. दोन शंका. पार्कची बस कुठली घ्यायची, दोन-तीन प्रकार दिसतात. आणि रस्ता बंद आहे असंही वाचलं, मग जाण्यात अर्थ आहे का?

खिडकीची_सीट
मी काका आहे, चालतंय :)

रस्ता ४३ व्या मैलाला बंद आहे. प्रिटी रॉक्स नावाच्या जागी डोंगरउतार सरकतोय, ऑगस्ट २०२१ पासून पुढची वाहतूक बंद केली आणि तिथे पूल बांधायचं काम काढलं. तुमच्या वेळेला काय स्थिती आहे ते पार्कच्या साइटवर बघा. पण ४३ मैलांपर्यंतसुद्धा अर्थ आहे, नक्की आहे. मूळ रस्ता ९२ मैलांचा, म्हणजे अर्ध्याच्या जरा अलीकडे, पण प्राणी काही मैलाचे दगड बघून फिरत नाहीत. ऑगस्टमध्ये अस्वलं थंडीच्या आधी पोट भरायला दिवसभर बेरी खात असतात, रस्त्याच्या कडेच्या उतारावर सुद्धा. कॅरिबू, मूस, डॉल मेंढ्या. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात सगळा टुंड्रा लाल-पिवळा व्हायला लागतो, तारखा हातात असतील तर थोडं उशिराच जा. डासही तोवर कमी होतात. पाऊस मात्र असतो, रेनकोट बॅगेत नको, अंगावर हवा.

बस दोन प्रकारच्या. ट्रान्झिट बस स्वस्त, वाटेत कुठेही उतरून चालता येतं आणि मागून येणाऱ्या बसमध्ये जागा असेल तर चढता येतं. टूर बसमध्ये ड्रायव्हर माहिती सांगत नेतो, उतर-चढ नाही. तुमच्याकडे सासरे आहेत तर टूर बस घ्या. दोन्हीत प्राणी दिसला की जो पहिला बघेल त्याने स्टॉप म्हणून ओरडायचं, ड्रायव्हर बस थांबवतो आणि मग सगळ्यांनी एकदम गप्प व्हायचं, खिडक्या खाली, हात आत. पाच-साडेपाच तास लागतात आणि मधे टेकलनिकाला वगैरे स्वच्छतागृहासाठी थांबते, ते आजोबांना आधी सांगून ठेवा म्हणजे काळजी करणार नाहीत. वाटेत खायला काही विकत मिळत नाही, डबा बरोबर. आणि स्टेशन पार्कच्या आतच आहे, हॉटेलच्या शटल बस ट्रेनच्या वेळेला येऊन उभ्या असतात, बुक करताना शटल आहे का एवढं विचारा. हीली गावातली हॉटेलं स्वस्त दिसतात पण ती ११ मैल लांब आहेत, गाडी नसेल तर त्या फंदात पडू नका. पार्कच्या स्लेड डॉग्जचा (बर्फावर घसरगाडी ओढणारे कुत्रे) कार्यक्रमही चुकवू नका, फुकट असतो, पार्कचीच बस नेते.

व्हिसावाला_पंत
सगळे प्राण्यांवर बोलताय, मी जरा कागदांवर बोलतो, कारण इथेच ट्रिपा अडकतात. तुमच्या मार्गात कॅनडात दोनदा प्रवेश आहे, एकदा व्हँकुव्हरला जाताना आणि एकदा परतीचं जहाज लागेल तेव्हा. अमेरिकेतही दोनदा परत शिरणार, पहिल्यांदा व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेस धक्क्यावर जहाजावर चढायच्या आधीच अमेरिकन इमिग्रेशन होतं आणि दुसऱ्यांदा घरी येताना. म्हणजे सासू-सासऱ्यांचा अमेरिकेचा आणि कॅनडाचा, दोन्ही व्हिसा मल्टिपल एंट्रीचे हवेत. कॅनडाचा व्हिसा पुण्यात असतानाच काढून घ्या, बायोमेट्रिक्स तिकडेच होऊन जाईल. तुम्ही दोघं ग्रीन कार्डवर असाल तर कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा. एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) असाल तर कॅनडाचा व्हिसा लागेल, आणि पासपोर्टवरचा स्टॅम्प संपलेला असेल तर क्रूझचे पैसे भरण्याआधी वकिलाशी बोला.

कोणीतरी तुम्हाला सांगेल की व्हँकुव्हर कशाला, सिअॅटलहून चढा आणि स्यूअर्डला उतरा. या मोठ्या जहाजांना ते चालत नाही. १८८६ चा अमेरिकन कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला एका अमेरिकन बंदरातून चढवून दुसऱ्या अमेरिकन बंदरात प्रवासी असे कायमचे उतरवता येत नाहीत, आणि ही जवळपास सगळी जहाजं परदेशी झेंड्याची. म्हणून एकतर्फी अलास्का क्रूझ व्हँकुव्हरहून असतात. विमानतळावरून कॅनडा लाइन मेट्रो थेट वॉटरफ्रंट स्टेशनला येते, जहाजाचा धक्का तिथून चालत.

दख्खनची_राणी
सामानाचं राहिलं. ट्रेनमध्ये मोठ्या बॅगा चेक-इन करता येतात, माणशी दोन, पण मग त्या मुक्कामालाच मिळतात, त्यामुळे औषधं, स्वेटर, आजींची शाल हातातल्या पिशवीत. आम्ही क्रूझचे कपडे भरलेल्या बॅगा अँकरेजच्या हॉटेलात ठेवून डेनालीला फक्त एक-एक छोटी बॅग नेली, परत त्याच हॉटेलात यायचं होतं म्हणून त्यांनी ठेवून घेतल्या. स्टेशनजवळचंच हॉटेल घ्या, सकाळी पावणेसातच्या गाडीला ते फार बरं पडतं.

ट्रेनमध्ये दोन वर्ग, साधा अॅडव्हेंचर आणि काचेच्या छताचा गोल्डस्टार. गोल्डस्टारचं भाडं जवळपास दुप्पट, जेवण त्यात येतं, वरच्या मजल्यावर उघडा सज्जा आहे. पण बसायची जागा वर आणि जेवण खाली, त्यामुळे गुडघ्याचं आधी फोन करून विचारा, आणि शाकाहारीही तेव्हाच सांगा. मी असते तर डेनालीला जाताना गोल्डस्टार आणि बाकी साधा वर्ग केला असता. साध्या वर्गाच्या खिडक्याही मोठ्या आहेत. हरिकेन गल्चचा पूल येतो तिथे गाडी हळू होते, खाली ओढा जवळजवळ ३०० फुटांवर, तो क्षण गोल्डस्टारच्या सज्ज्यातून बघावा असा आहे.

खाण्याचं, जहाजावर सांगितलं तर शाकाहारी नीट मिळतं. जमिनीवर छोट्या गावांत पिझ्झा, सॅलड, बीन बरिटो यावर वेळ निघते, अँकरेजला भारतीय जेवण मिळतं. दशम्या, चटणी, मेतकूट असलं काही बरोबर असू द्या.

आणि स्यूअर्डला एक्झिट ग्लेशिअरला जा, गावातून शटल मिळते. वाटेवर वर्षांच्या पाट्या लावल्यात, त्या त्या साली बर्फ कुठवर होता ते दाखवणाऱ्या. २०१० च्या पाटीशी उभं राहून समोर बघितलं की पोटात तुटतं. सुरुवातीची वाट सपाट आहे, आजोबा तिथवर येतील.

एडिसनची_सून
स्टॅम्प आहे आमचे, पंत, पण कॅनडाचा व्हिसा चौघांचाही काढायचाय, आजच सासऱ्यांना फोन करते. टल्कीटनासकट प्लॅन घरी वाचून दाखवला, नवरा एकदम खूष, गेले दोन महिने आपल्यामुळे सगळ्यांची ट्रिप बिघडतेय म्हणून मनाला लावून घेत होता. शेवटचं एकच, केनाईच्या बोटीत लागतं का हो? सासूबाईंना मोठ्या जहाजात काही होत नाही.

खिडकीची_सीट
छोटी बोट आहे, उपसागराच्या बाहेर खुला समुद्र लागतो तिथे हलते. गोळी निघायच्या आधी घ्यायची, लागायला लागल्यावर नाही, डॉक्टरांना विचारून. फारच काळजी वाटत असेल तर साडेतीन-चार तासांची लहान टूर आहे, ती बऱ्यापैकी उपसागराच्या आतच फिरते, समुद्री ऑटर पाठीवर पडून तरंगताना त्यातही दिसतात, फक्त समुद्रात कोसळणारा ग्लेशिअर दिसत नाही. तुम्ही दोघं मोठी करा, ते दोघं लहान करतील, असंही होतं. पफिन पक्षी बघायचे तर ऑगस्टच्या अगदी शेवटावर जाऊ नका, ते तोवर निघून जायला लागतात. टुंड्राचे रंग आणि पफिन दोन्ही हवेत तर महिन्याच्या मध्याची क्रूझ धरा.

आणि सीट घेताना, अँकरेजहून डेनालीला जाताना डावी बाजू मागा, डोंगर त्या बाजूला आहे. स्यूअर्डला जाताना उजवी, सुरुवातीला बराच वेळ खाडी अगदी रुळाला लागून चालते आणि त्यात कधीकधी पांढरे बेलुगा देवमासे दिसतात. मोकळी जागा असेल तर ते बदलूनही देतात.