सबवूफर ७ मीटर लांब, केबल कुठली घ्यावी?

खर्ज_दादर: १० इंची पॉवर्ड सबवूफर (खर्जाचा स्पीकर, आतच अॅम्प्लिफायर असलेला) सोफ्यामागे ठेवायचा आहे. रिसीव्हरपासून भिंतीच्या कडेने ७ मीटर. बजेट ७०० रुपये. केबल, कनेक्टर कुठले? लाइटच्या पाइपातूनच ओढली तर चालेल का?

तांब्याची_तार: ३,००० पर्यंत जा, तयार सबवूफर केबल घ्या. माझी ४ पावसाळे टिकली. आपल्या दमट हवेत साधे प्लग काळे पडतात, सोन्याचा मुलामा हवाच.

ओहम_७५: ७०० मध्ये होतं. आरजी-६ (डिश टीव्हीची जाड कोॲक्स केबल: मध्ये तार, भोवती फोम, वर जाळी) ताठ असते, सबच्या मागे वळवली की सॉकेटवर ताण येतो. स्वस्तातलीच्या आत तर मुलामा दिलेलं लोखंड असतं. आरजी-५९ (तसलीच, पण बारीक) घ्या, निखळ तांब्याची, दाट जाळीची. २ धातूचे आरसीए प्लग (मध्ये पिन, भोवती गोल बॉडी, सबला लागतात तेच). बाहेरचं आवरण १२ मिमी सोला, मधली तार पिनला, जाळी पिळून बॉडीला सोल्डर करा. आतला फोम पटकन वितळतो आणि तार जाळीला टेकते, म्हणून तार आणि पिन दोन्हींवर आधी कथील चढवा, मग २-३ सेकंदांत काम उरका. शेवटी मल्टिमीटरवर तपासा: पिन ते पिन बीप हवी, पिन ते बॉडी गप्प.

लॅमिंग्टन_फेरी: सोल्डरिंग येत नसेल तर आरजी-६च. कॉम्प्रेशनचा (दाबून बसवायचा) एफ कनेक्टर, म्हणजे डिशच्या केबलला असतो तो, त्यावर एफ-टू-आरसीए अडॅप्टर. लोखंडाने सबला काही होत नाही, इनपुटचा रोधच हजारो ओहम असतो, त्यापुढे तारेचा रोध नगण्य. वाय-स्प्लिटरही (एका केबलचे दोन प्लग करणारा, सबच्या डाव्या-उजव्या दोन्ही इनपुटला) घ्या, आवाज वाढतो.

ओहम_७५: ६ डीबी (डेसिबल) वाढतात, तेवढे रिसीव्हरच्या मेनूतूनही मिळतात. सबला एलएफई (फक्त खर्जाचा) इनपुट असेल तर एकच केबल.

तांब्याची_तार: मुलामा सोन्याचाच बघा.

दीर्घ_गुंजन: पाइपाचं उत्तर कुणीच दिलं नाही. लाइटच्या पाइपातून अजिबात नको, २३० व्होल्टच्या तारेचं आवरण सोललं गेलं तर जिवाशी गाठ. वेगळी न्या, लाइटची वायर ओलांडायची तर काटकोनात. सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर लावा. तरी ५० हर्ट्झची घूं आली तर सेट-टॉप बॉक्सची कोॲक्स काढून बघा. थांबली तर अर्थ लूप आहे: बिल्डिंगच्या केबलचा अर्थ वेगळा, दोन्हींतल्या फरकाचा करंट जाळीतून वाहतो. त्या कोॲक्सवर आयसोलेटर (अर्थचा जोड तोडणारा) लावा. अर्थची पिन कापू नका.

खर्ज_दादर: आभार. सब टीव्हीशेजारच्या कोपऱ्यातच ठेवतो, सोबत आलेली २ मीटरची केबल पुरते.

दीर्घ_गुंजन: कोपऱ्यात बास घुमेल. सब तात्पुरता सोफ्यावर ठेवून बास असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने ओणवं फिरा. जिथे बास एकसारखा ऐकू येईल ती सबची जागा. त्यासाठी ७ मीटर केबल लागेलच.