ओव्हन ३५० दाखवतो पण आत ३१०च, तापमानाचा सेन्सर बदलू की नुसता त्याच्या वायरीचा कनेक्टर? मदत हवी आहे

आम्ही न्यू जर्सीत असतो, घरात २४० व्होल्टचा इलेक्ट्रिक ओव्हन आहे, ९ वर्षं जुना, वॉरंटी कधीच संपलीये. ३५० फॅरेनहाइटला बीप वाजतो पण आत ठेवलेला थर्मामीटर ३१०च्या वर जात नाही, नानकटाई २५ मिनिटांनीही पांढरीफटक. बेक (खालचं) आणि ब्रॉइल (वरचं) दोन्ही एलिमेंट नीट लाल होतात, एरर कोड नाही. सेटिंगमधून ३५ डिग्री वाढवून पाहिलं तर एक दिवस बरोबर, दुसऱ्या दिवशी तळ करपला.

मग ब्रेकर बंद करून मल्टिमीटर लावला. सेन्सर थंड असताना थेट त्याच्या वायरींवर १०८६ ओहम, म्हणजे ठीकच ना, बॉडीशी शॉर्ट पण नाही. पण तेच ओव्हनच्या कंट्रोल बोर्डाकडच्या प्लगवर मोजलं तर ११६० आणि मागची वायर हलवली की आकडा नाचतो. मधला प्लास्टिक कनेक्टर काढला तर एक पिन काळी पडलेली आणि प्लास्टिक तांबूस. सेन्सर तापला की रेझिस्टन्स वाढतो, तर इथे रेझिस्टन्स जास्त म्हणून बोर्डाला ओव्हन जास्त गरम वाटतोय, असा माझा अंदाज.

टेक्निशियन नुसता येऊन बघायचेच इतके पैसे सांगतोय की विचारू नका, त्यामुळे स्वतःच करायचंय. सोल्डरिंग येतं, पण त्या जागी ते टिकेल असं वाटत नाही.

तर कनेक्टर कापून सिरॅमिक वायर नट (वायरी पिळून जोडायच्या टोप्या) लावले तर चालेल का, की सेन्सर आणि हार्नेस (बोर्डापर्यंतच्या वायरींचा जुडगा) दोन्ही नवीनच घ्यावं? आणि वायरचा तुकडा जोडावा लागला तर किती टेंपरेचर रेटिंगची घेऊ?